धंदेवाईक फुटबॉलचा आरंभकाळ आणि ‘लेदरहेड्स’

जॉर्ज क्लूनी यांनी दिग्दर्शित केलेला ‘लेदरहेड्स’ हा प्रणयप्रधान विनोदी चित्रपट २००८ साली प्रदर्शित झाला. त्याचे कथानक १९२५ सालातील आहे. चामड्याची शिरस्त्राणे घालणारे खेळाडू हा शीर्षकाचा अर्थ. आणि येथील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ होय. डुलुथ या गावचा दिवाळखोरीस आलेला संघ, त्याचा उतारवयाकडे झुकलेला नायक डॉज कॉनेली, प्रिन्स्टनहून आणलेला लोकप्रिय विद्यार्थी-खेळाडू कार्टर रदरफर्ड, आणि कार्टरच्या युद्धपराक्रमातील असत्य शोधू पाहणारी वार्ताहर लेक्सी लिटलटन, अशा त्रिकोणावर प्रेमकथा उभी आहे. ती १९३०-४० च्या दशकांतील चुरचुरीत संवादांच्या हॉलिवुडी विनोदपटांच्या वळणाची आहे. मात्र तिच्या मागे जो इतिहास आहे तो अधिक मनोरंजक व काहीसा कठोर आहे.

त्या काळच्या अमेरिकेत ‘प्रोफेशनल’ हे विशेषण डॉक्टर वा वकील यांना भूषण होते, पण खेळाडूला दूषण होते. मराठीत ‘व्यावसायिक’ आणि ‘धंदेवाईक’ या शब्दांत जो प्रतिष्ठेचा फरक पडतो, तोच इंग्रजीत एका शब्दाच्या पोटात सामावलेला होता. पैसे घेऊन खेळल्याची पहिली ज्ञात नोंद १८९२ ची: पिट्सबर्ग येथील एका सामन्यासाठी विल्यम हेफेलफिंगर यांना ५०० डॉलर मिळाले. पुढे १९२० मध्ये ओहायो राज्यातील कॅन्टन येथे, मोटारविक्रीच्या एका दालनात, संघमालकांची संघटना स्थापन झाली. तिलाच १९२२ पासून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. तरीही प्रेक्षकांची गर्दी महाविद्यालयीन सामन्यांनाच होत असे.

हे चित्र पालटण्यास निमित्त झाले ते इलिनॉय विद्यापीठाचे हॅरल्ड ‘रेड’ ग्रेंज. कार्टर या पात्रामागे प्रामुख्याने त्यांचीच छाया आहे. सुटीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोहोचविणाऱ्या या तरुणाने नोव्हेंबर १९२५ मध्ये शेवटचा महाविद्यालयीन सामना संपताच शिकागो बेअर्स संघाशी करार केला. त्यांचे प्रशिक्षक झुप्के यांना ते मुळीच रुचले नाही. यावर ग्रेंज यांचा प्रतिवाद असा होता की, जो खेळ शिकवून प्रशिक्षक पोट भरतात, तोच खेळून आपण पोट भरले तर बिघडले काय? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे दिसत नाही.

ग्रेंज यांचे व्यवहार पाहणारे सी. सी. पाइल हे मूळचे चित्रपटगृहाचे मालक. चित्रपटातील मध्यस्थाचे नाव सी. सी. फ्रेझियर आहे, हा योगायोग नव्हे. पाइल यांनी आखलेल्या दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यात १८ दिवसांत १० सामने झाले. त्यांपैकी ८, ९ आणि १० डिसेंबर रोजी वॉशिंग्टन, बोस्टन आणि पिट्सबर्ग येथे सलग तीन सामने होते. पिट्सबर्गला ग्रेंज यांच्या हाताला इजा झाली. त्याआधी ६ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सुमारे ७०,००० प्रेक्षक लोटले आणि तोट्यात असलेला तेथील ‘जायंट्स’ संघ सावरला. पुढच्याच वर्षी पाइल यांनी ग्रेंज यांना एका मूकपटाचे नायकही केले.

चित्रपटात असे दाखविले आहे की, नवा ‘कमिशनर’ येतो, नियम घालतो आणि जुन्या खेळातील चावटपणा व आनंद एकदम संपतो. इतिहासाचा साक्षीपुरावा निराळा आहे. संघटनेला अध्यक्ष १९२० पासूनच होता, १९२१ पासून ते पद जो कार यांच्याकडे होते, आणि ‘कमिशनर’ ही उपाधी तर १९४१ मध्ये आली. बरोबरीचे विद्यार्थी पदवीधर होण्याआधी खेळाडूस करारबद्ध करू नये, हा १९२६ चा नियम मैदानावरील वर्तनासाठी नव्हता. तो महाविद्यालयांचा रोष शमविण्यासाठी होता. दोन्ही बाजूंच्या चालकांनी परस्परांशी समझोता केला आणि त्याची किंमत विद्यार्थी-खेळाडूने मोजली. त्याच्या नावावर प्रेक्षागार भरे, पण त्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा महाविद्यालयीन खेळाडूंना २०२१ पर्यंत मिळाली नाही.

छोट्या गावांच्या संघांचा घात नियमांपेक्षा महानगरातील तिकीटविक्रीने केला. खऱ्या डुलुथ संघाने १९२६ मध्ये अर्नी नेव्हर्स यांच्या नावाच्या बळावर २९ सामने खेळले आणि जवळजवळ सर्व परगावी खेळले, कारण गावात तेवढे उत्पन्नच नव्हते. १९२६ मध्ये लीगमध्ये २२ संघ होते. १९२७ मध्ये १२ उरले. डुलुथ त्या बारांत होते, पण तो हंगाम त्याचा अखेरचा ठरला. चित्रपटातील डॉजची हळहळ खोटी नाही. मात्र ज्या गर्दीला तो कार्टरच्या नावावर स्वतः बोलावतो, तीच त्याचे गाव नकाशावरून पुसणार आहे, हे पटकथेने त्याला कळू दिलेले नाही.