स्वमग्न मुलांची गणना : एका संख्येचा इतिहास

इंग्लंडमधील मिडलसेक्स परगण्यात व्हिक्टर लॉटर या संशोधकाने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार दर दहा हजार मुलांत साडेचार मुले स्वमग्न होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२५ साली जाहीर केलेल्या अहवालानुसार तेथील निवडक केंद्रांत आठ वर्षे वयाच्या दर ३१ मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळले. ही दोन विधाने शेजारी ठेवली, तर साठ वर्षांत सुमारे सत्तर पट वाढ दिसते आणि आईबापांच्या मनात धास्ती बसते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र अशा वेळी धास्तावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : मोजले कोणी, कोणाला आणि कोणत्या मापाने?

आरंभ शब्दापासून करू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या तोंडाशी रूढ केला, पण तो छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध करून या शब्दाला आजच्या अर्थाकडे वळवले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले, आणि या दोघांच्याही आधी, १९२०च्या दशकात, रशियातील ग्रुन्या सुखारेवा यांनी. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणू लागलो. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही. ‘मग्न’ होणारा माणूस आपल्या इच्छेने मग्न होतो, असे आपल्या भाषेचे वळण सुचवते. या मुलांनी काही निवडलेले नसते. पाश्चात्त्य देशांतही या ‘अलिप्तपणा’चा दोष दीर्घकाळ आईच्या थंडपणावर लादला गेला. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, हे खापर सप्रमाण बाजूस सारले.

लॉटरची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने आठ ते दहा वर्षे वयाच्या सुमारे ७८,००० मुलांचा विचार केला. पहिली प्रश्नावली पाठवली ती शिक्षकांकडे. माप मात्र कॅनरचे, म्हणजे अरुंद. १९७९ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी पुन्हा मोजणी केली. कॅनरच्या मापाने त्यांनाही दहा हजारांत पाचाच्या आसपासच मुले सापडली. परंतु सामाजिक देवाणघेवाण, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडचण असलेली सर्व मुले धरली, तेव्हा हीच संख्या सुमारे २१ झाली. एकाच वस्तीतील त्याच मुलांची संख्या माप रुंदावताच चौपट झाली.

पुढील इतिहास या रुंदावत्या मापाचा आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. १९८७ साली निकष सैल झाले. १९९४ साली आस्पर्गरचे नाव समाविष्ट झाले. २०१३ साली हे सारे प्रकार एकाच ‘वर्णपटा’खाली आले. १९९० साली अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात स्वमग्नता हा वेगळा वर्ग झाला. निदानाबरोबर साहाय्यही मिळू लागले. तेथील २००० सालच्या गणनेत प्रमाण १५० मुलांत एक होते. २०१० साली ६८ मुलांत एक, २०२० साली ३६ मुलांत एक आणि २०२२ साली ३१ मुलांत एक.

मग खरी वाढ किती? कॅलिफोर्नियातील एका अभ्यासाने दाखवले, की तेथील वाढीचा सुमारे चौथा हिस्सा पूर्वी ‘मतिमंद’ नोंदल्या गेलेल्या मुलांचे निदान बदलल्यामुळे होता. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांबाबत सुमारे ६० टक्के वाढ निकष व नोंदणीपद्धती बदलल्याने झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील प्रौढांच्या पाहणीत सुमारे एक टक्का व्यक्ती स्वमग्न आढळल्या, आणि वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण घटताना दिसले नाही. म्हणजे जुन्या पिढीतही ही माणसे होती. त्यांना आपण घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक म्हणत आलो. उरलेल्या वाढीत आईवडिलांचे वाढते वय, अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे जगणे यांचा काही वाटा असू शकतो. लसीकडे मात्र बोट दाखवता येत नाही. १९९८ साली १२ मुलांच्या आधारे तसा संशय पेरणारा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, आणि डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासाने तो संशय २००२ सालीच फोल ठरवला होता. त्या संशयापायी लसीवाचून राहिलेल्या मुलांना गोवराने गाठले, हेही या इतिहासाचे एक पान आहे.

संख्या जेथे कमी दिसते, तेथेही सावध असावे. २०२२ च्या त्याच अमेरिकी गणनेत टेक्सासमधील लारेडो येथे हजारी १० हून कमी, तर कॅलिफोर्नियातील केंद्रात हजारी ५३ मुले नोंदली गेली. मुले इतकी भिन्न नसतात. तपासणीच्या सोयी भिन्न असतात. तेथे गोऱ्या मुलांचे प्रमाण वर्षानुवर्षे अधिक दिसे. २०२० च्या गणनेत प्रथमच कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण त्याहून अधिक आले. तपासणीची दारे त्यांच्यासाठी उशिरा उघडली होती.

आपल्या देशाचे काय? १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत मात्र त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. आपल्या हैदराबादकरांना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. स्वमग्नता ठरवण्याची भारतीय मापनश्रेणी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत सिद्ध झाली. आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली, दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी पलवल, कांगडा, ढेंकनाल व उत्तर गोवा यांच्याबरोबर हैदराबादेतही झाली होती. तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघाले. लॉटरच्या इंग्लंडपेक्षा हे कितीतरी अधिक आहे, कारण येथे घरोघर जाऊन शोधले गेले.

शंभरात एक याचा अर्थ असा, की हजार पटाच्या शाळेत सुमारे दहा मुले असावीत. ती आपल्या हजेरीपटावर नसतील, तर एकतर आपण त्यांना ओळखलेले नाही किंवा ती शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेलीच नाहीत. मुलींबाबत चूक अधिक संभवते. शांत मुलगी ही आपल्या समाजात गुणी मुलगी ठरते, आणि तिची अडचण तिच्या गुणांत जमा होते. लॉटरने आपली पहिली प्रश्नावली शिक्षकांकडे धाडली, ती शिक्षक रोज मूल पाहतो म्हणून. ती प्रश्नावली आजही शिक्षकांकडेच आहे, असे मी मानतो, आणि तिचे उत्तर वर्गातील शेवटच्या बाकापासून लिहायला सुरुवात करावी, एवढीच या व्यासपीठावरून विनंती.