डोळ्यांतील भिंग आणि मिठाचें पाणी

भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत मोडतो. विहिरीचें पाणी खारट, हें तेथील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. मात्र मिठाच्या पाण्यानें सारें निर्मळ होतें, ही समजूत सर्वत्र आहे. आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या, म्हणजे डोळ्यांत बसविण्याच्या भिंगाच्या, इतिहासांत ती फार महाग पडली.

१८८८ सालीं झूरिच येथें आडोल्फ फिक यांनीं कांचेच्या अशा भिंगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९६१ सालीं प्रागचे ओटो विख्टर्ले यांनीं घरींच, मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर, मऊ भिंगें घडविलीं. मऊ भिंग पाणी शोषतें. मळ व जंतु त्यास सहज बिलगतात. पुढें अमेरिकेंत कित्येक जण मिठाच्या गोळ्या विरघळवून भिंगाचें पाणी घरींच करूं लागले. तें भिंग ओलें ठेवी, जंतु मारीत नसे. १९८५ नंतर अकँथअमीबा नामक सूक्ष्म जीवामुळें बुबुळास व्रण झालेले रोगी वाढले, कांहींची दृष्टि गेली. चौकशींत बोट या घरगुती पाण्याकडेच वळलें.

जंतुनाशक द्रव प्रचारांत आले, तेव्हां चोळण्याचेहि श्रम नकोत, अशी ग्वाही कांहीं बाटल्यांवर छापली गेली. काय सोय ही! २००६ सालीं सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिकेंत फ्युजेरियम बुरशीचा रोग उद्भवला आणि बॉश अँड लाँब कंपनीस 'रेनू मॉइश्चरलॉक' हा द्रव जगभरांतून परत घ्यावा लागला. त्यानंतर नेत्रवैद्य पुन्हां बोटांवर भर देऊं लागले: हात धुऊन कोरडे करावे, तळहातावर ताज्या द्रवांत भिंग चोळावें, डबींतील शिळा द्रव रोज ओतून द्यावा. विहिरीचें किंवा नळाचें पाणी, खारें असो कीं गोडें, भिंगास लावूं नये.