मुंबई सँडविच

मुंबई सँडविच (इतर नावे: व्हेज सँडविच, बॉम्बे सँडविच) हा मुंबई, नवी मुंबई, ठाणे आणि लगतच्या शहरांत रस्त्याकडेच्या गाडीवर तयार होणारा शाकाहारी खाद्यपदार्थ आहे. पांढऱ्या स्लाइस ब्रेडच्या दोन किंवा तीन कापांमध्ये लोणी, हिरवी चटणी आणि उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो व कांदा यांच्या चकत्या रचून त्यावर मसाला भुरभुरला जातो. हे सँडविच साधे, म्हणजे न भाजता, किंवा टोस्ट अथवा ग्रील करून दिले जाते. वडापाव आणि पावभाजी यांच्याप्रमाणेच हा पदार्थ पोर्तुगीजांनी आणलेला पाव, इंग्रजांकडून आलेली खाण्याची रीत आणि देशी चटणी-मसाला यांच्या मिश्रणातून घडला आहे. तरीही वडापावाला मिळालेले प्रतीकमूल्य सँडविचच्या वाट्याला आलेले नाही.

नाव आणि पूर्वपीठिका

'सँडविच' हे नाव इंग्लंडमधील सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) यांच्यावरून पडले. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या १७६२ सालच्या रोजनिशीत या शब्दाचा खाद्यपदार्थ या अर्थी उल्लेख आढळतो. अर्लसाहेब जुगाराच्या मेजावरून उठू नयेत म्हणून मांस पावात घालून मागवीत, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु ते नौदल खात्याचे कामसू मंत्री होते व लिहिण्याच्या मेजावरच खात असावेत, असेही त्यांच्या चरित्रकारांनी सुचविले आहे.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. १५३४ च्या वसईच्या तहाने मुंबई बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि १६६१ च्या विवाहकरारानुसार ती इंग्रजांना मिळाली. पाव भाजण्याचा व्यवसाय मुंबईत प्रथम मुख्यतः गोव्याकडील बेकरीवाल्यांच्या आणि पुढे इराणी व मुस्लिम बेकरीमालकांच्या हाती राहिला. वडापावासाठी लागणारा लादीपाव आणि सँडविचचा स्लाइस ब्रेड हे मात्र वेगळे आहेत. लादीपावाचे गोळे शेजारी-शेजारी चिकटून भाजले जातात व त्यांच्या बाजू मऊ राहतात. स्लाइस ब्रेड पत्र्याच्या चौकोनी साच्यात भाजून यंत्राने कापला जातो. केंद्र सरकारने १९६५ साली स्थापन केलेल्या मॉडर्न बेकरीज या कंपनीमुळे असा कापलेला ब्रेड देशातील शहरांत सर्वसामान्यांच्या घरी पोहोचला. ही कंपनी २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकण्यात आली.

कृती

सँडविच करणाऱ्यास बोलीभाषेत 'सँडविचवाला' म्हणतात. त्याच्या गाडीवर लाकडी फळी, लांब पात्याची सुरी, लोण्याचा डबा, चटणीचे भांडे आणि आधीच उकडून सोललेले बटाटे व बीट एवढेच साहित्य असते. प्रथम दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी लावले जाते आणि त्यावर चटणी. हा क्रम चवीपुरता नाही. लोण्यातील स्निग्धांश ब्रेडवर थर धरतो आणि चटणीतील व टोमॅटोतील पाणी आत झिरपू देत नाही. लोण्यात काटकसर केलेले सँडविच पाच मिनिटांत ओलसर होते. पार्सल नेणाऱ्यास हा दोष विशेष जाणवतो.

चटणीत कोथिंबीर, हिरवी मिरची, पुदिना, जिरे, मीठ व लिंबू असते. ती पातळ होऊ नये म्हणून वाटताना डाळे किंवा ब्रेडचा तुकडा घालण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव चढला की दाटपणा आणणाऱ्या पदार्थांचे प्रमाण वाढते आणि चटणीचा रंग फिका पडतो. चटणीवर बटाट्याच्या चकत्यांचा थर येतो. बटाट्याला स्वतःची ठळक चव नसली, तरी तो मसाला धरून ठेवतो आणि काकडी-टोमॅटोच्या निसरड्या चकत्यांना बैठक देतो. मसाल्यात भाजलेले जिरे, काळे मीठ, आमचूर, मिरी इत्यादी पदार्थ असतात. मिठामुळे काकडीला पाणी सुटते. म्हणून जाणकार सँडविचवाला काकडी चिरून ठेवत नाही व मसाला अगदी शेवटी घालतो. साधे सँडविच कडा काढून चार किंवा सहा तुकड्यांत कापून कागदी डिशमध्ये दिले जाते. सोबत टोमॅटो सॉस आणि अनेक ठिकाणी बारीक शेव असते.

टोस्ट सँडविचसाठी लांब दांड्यांचा, बिजागरीने जोडलेल्या दोन पोकळ पत्र्यांचा हातटोस्टर वापरतात. त्यात सँडविच दाबून तो कोळशाच्या शेगडीवर किंवा गॅसवर उलटसुलट फिरवला जातो. पत्र्यांच्या कडा ब्रेडच्या कडा एकमेकींवर दाबून बंद करतात, त्यामुळे सारण आत वाफेवर गरम होते आणि बाहेरचा भाग कुरकुरीत राहतो. याच तऱ्हेचे उपकरण ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत 'जॅफल' करण्यासाठी वापरले जाते. मसाला टोस्टमध्ये चकत्यांऐवजी हळद, मोहरी व मिरचीची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी भरतात. विजेवरच्या ग्रीलमुळे तीन कापांचे, चीज किसून घातलेले 'ग्रील सँडविच' रूढ झाले. ते हातटोस्टरच्या टोस्टहून महाग असते, पण चवीने वरचढ असतेच असे नाही.

इटालियन सबमरीन सँडविचशी तुलना

अमेरिकेच्या ईशान्य भागात इटलीहून आलेल्या कामगारांमध्ये लांबट पावाचे एक सँडविच विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. पाणबुडीसारख्या आकारामुळे त्यास सबमरीन किंवा 'सब' म्हणतात. फिलाडेल्फियात त्याचे नाव होगी, न्यू यॉर्कमध्ये हिरो आणि न्यू इंग्लंडमध्ये ग्राइंडर असे आहे. मेन राज्यातील पोर्टलंड येथे जोव्हानी अमातो या बेकरीवाल्याने १९०३ च्या सुमारास गोदीकामगारांना असे सँडविच विकण्यास सुरुवात केली, असे मानले जाते. सलामी, हॅम व प्रोव्होलोने चीज यांच्या पातळ चकत्या, कांदा, टोमॅटो, तेल, व्हिनेगर आणि ओरेगानो हे त्याचे मुख्य घटक होत.

दोन्ही पदार्थ कष्टकऱ्यांसाठी, हातात धरून खाण्याजोगे आणि गिऱ्हाइकासमोर रचले जाणारे आहेत. फरक आहे तो मुख्यतः पावात. सबचा पाव बाहेरून चिवट-कडक असतो आणि तेल-व्हिनेगर शोषूनही आकार सोडत नाही. मुंबईत याला सर्वांत जवळचा पाव म्हणजे इराणी बेकऱ्यांचा ब्रून किंवा कडक पाव. परंतु तो मस्का लावून चहात बुडवून खाण्याची रीत पडली व त्यात सारण भरण्याची परंपरा फारशी रुजली नाही. गोव्यातील चोरीस-पाव हा मांसाहारी पदार्थ घटकांच्या दृष्टीने सबच्या अधिक निकट आहे, कारण त्यातही मीठ, व्हिनेगर व मसाल्यात मुरवलेले डुकराचे मांस असते.

सबवे या अमेरिकन साखळीची स्थापना १९६५ साली कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे झाली व भारतातील तिचे पहिले दुकान २००१ साली नवी दिल्लीत उघडले. भारतीय दुकानांत गोमांस मिळत नाही, त्याच्या जागी कोंबडीच्या मांसाचे प्रकार असतात. शाकाहारी यादीत आलू पॅटी आणि पनीर टिक्का यांना स्थान आहे. पावाबद्दल एक नोंद रंजक आहे. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, या साखळीच्या पावात साखरेचे प्रमाण पिठाच्या वजनाच्या सुमारे १० टक्के असल्यामुळे तेथील करकायद्याच्या दृष्टीने तो 'ब्रेड' ठरत नाही.

मुंबई परिसरातील गाड्यांवर 'इटालियन सँडविच' या नावाने जे मिळते, त्याचा सबशी संबंध नाममात्र असतो. सिमला मिरची, मक्याचे दाणे, ओरेगानो, सुक्या मिरचीचे तुकडे, पिझ्झा सॉस आणि प्रक्रिया केलेले चीज घालून ग्रील केलेले ते मुंबई सँडविचच होय. येथे 'इटालियन' हा शब्द देशाऐवजी ओरेगानोची चव सुचवतो, जसे 'शेजवान' हा शब्द चीनच्या प्रांताऐवजी लाल मिरचीची चटणी सुचवतो.

नवी मुंबई

नवी मुंबईचे नियोजन करण्यासाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी मानखुर्द–वाशी लोहमार्ग सुरू झाल्याने वाशी स्थानक परिसर शहराचे पहिले गजबजलेले केंद्र बनला. जुन्या मुंबईतील इराणी हॉटेलांची परंपरा खाडी ओलांडून आली नाही, कारण शहर वसू लागले त्या काळात मूळ इराणी हॉटेलेच कमी होऊ लागली होती. सँडविचच्या गाडीला मात्र भांडवल थोडे व जागा चार-पाच फूट पुरते. त्यामुळे ती वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली अशा नोडांमध्ये महाविद्यालये, कार्यालये आणि क्लासेस यांच्याभोवती सहज रुजली.

या शहरास एक अनुकूलता आहे, जी मुंबईलाही नाही. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलविण्यात आले. भाजीपाला व फळांचे बाजार १९९६ साली आले. नाशिक, पुणे व सातारा जिल्ह्यांतून येणारा टोमॅटो, कोथिंबीर व काकडी आणि उत्तर प्रदेश-गुजरातचा बटाटा प्रथम येथेच उतरतो. पहाटे माल घेऊन सकाळी गाडी लावणाऱ्या सँडविचवाल्याकडे चटणी ताजी असते, हे त्याच्या मालाचे खरे बळ होय. भावातील चढउताराची झळही त्यालाच प्रथम लागते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव देशभर किलोमागे १०० रुपयांच्या पुढे गेले, तेव्हा मॅकडोनाल्ड्स व सबवेच्या काही भारतीय दुकानांनी टोमॅटो देणे थांबविले. गाडीवाल्याला अशी सूचना लावण्याची सोय नसते. तो एका टोमॅटोच्या अधिक पातळ चकत्या करतो.

घाऊक बाजारातील गुजराती व जैन व्यापारी समाजामुळे शहरात जैन सँडविचला मोठी मागणी आहे. त्यात कांदा, बटाटा व बीट ही कंदमुळे वर्ज्य असून बटाट्याऐवजी उकडलेले कच्चे केळे वापरतात. त्यासाठी वेगळी सुरी व फळी ठेवणारा विक्रेता विश्वासार्ह समजला जातो.

चांगल्या सँडविचवाल्याची पारख नियमित गिऱ्हाईक काही खुणांवरून करते: ब्रेडचे पुडे त्याच दिवशी आलेले असणे, चटणी झाकलेली असणे, काकडी मागणीनंतर चिरली जाणे आणि लोण्याच्या जागी मार्गरीन नसणे. यांपैकी शेवटची बाब चव घेतल्याशिवाय कळत नाही. गाडीभोवतीची गर्दी ही खूणही उपयुक्त आहे, कारण वेगाने खपणाऱ्या मालाला शिळे होण्यास वेळ मिळत नाही.

खाद्यसुरक्षा

मे २०१६ मध्ये दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्लीत घेतलेल्या ब्रेड, पाव, बन इत्यादींच्या ३८ नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश आढळल्याचे जाहीर केले. ब्रोमेटमुळे पीठ अधिक फुगते व ब्रेड मऊ-पांढरा होतो. परंतु ते कर्करोगास कारणीभूत ठरू शकते, असे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०१६ मध्ये ब्रोमेट परवानगीप्राप्त द्रव्यांच्या यादीतून वगळले. गाडीवरील धोका बहुधा ब्रेडपेक्षा पाणी व न शिजवलेली चटणी यांत असतो. त्यामुळे पावसाळ्यात टोस्ट केलेले सँडविच घ्यावे, असे सांगितले जाते. पण टोस्ट करताना चटणी उकळत नसल्याने हा उपाय अर्धाच आहे.

व्यवसाय आणि कायदा

सँडविचवाल्याची सर्वांत मोठी मालमत्ता त्याचा कोपरा असतो. गिऱ्हाईक चवीइतकेच जागेलाही बांधलेले असते व गाडी दोनशे मीटर हलली तरी ते तुटते. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणासही हटविता येत नाही आणि स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस आवश्यक असते. जप्त मालाची यादी विक्रेत्यास देणे बंधनकारक आहे. नाशवंत माल त्याने मागणी केल्याच्या दिवशीच, तर इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. सँडविचवाल्याच्या बाबतीत ब्रेड, लोणी व उकडलेला बटाटा पहिल्या वर्गात, तर टोस्टर व गॅस सिलिंडर दुसऱ्या वर्गात येतात. पण टोस्टर दोन दिवस अडकला तर परत मिळालेल्या ब्रेडचा उपयोग उरत नाही.

याच कायद्याने शहरातील विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत सामावून घेण्याचे सूत्र घातले आहे. २०११ च्या जनगणनेतील नवी मुंबई महापालिका क्षेत्राच्या सुमारे ११.२ लाख लोकसंख्येवर ही मर्यादा साधारण २८ हजार विक्रेत्यांची होते, आणि तीत भाजीवाल्यापासून चपला दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सर्व आले. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले व त्यांपैकी एकतृतीयांश महिला असाव्या लागतात.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर अंतरात फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. सँडविचचा धंदा नेमका स्थानक व शाळा-महाविद्यालये यांच्या आधाराने चालतो. हे अंतर काटेकोरपणे मोजले, तर या पदार्थाच्या बहुतेक जुन्या जागा निषिद्ध क्षेत्रात येतात.

जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. याचा थेट परिणाम लादीपाव व ब्रून भाजणाऱ्या जुन्या भट्ट्यांवर होतो. कारखान्यात वीज व गॅसवर भाजल्या जाणाऱ्या स्लाइस ब्रेडला त्याची झळ तुलनेने कमी आहे.