पुढची संख्या कोणती?

१, २, ४, ८, १६ या संख्या एकापुढें एक लिहून पुढची संख्या विचारली, तर आपण ३२ हें उत्तर तत्काळ द्याल. प्रत्येक संख्या मागच्या संख्येच्या दुप्पट आहे, हें ओळखण्यास फारसे श्रम पडत नाहींत. फार वर्षांपूर्वीं, मी शिक्षक असतांना, हाच प्रश्न मीं एका वर्गास परीक्षेंत घातला होता. एका मुलानें ३१ असें उत्तर लिहिलें. मीं त्यावर फुली मारली आणि पुढची उत्तरपत्रिका हातीं घेतली. वर्षअखेर ते कागद रद्दींत घालतांना त्याच उत्तरपत्रिकेच्या मागील बाजूस पेन्सिलीनें काढलेलें एक वर्तुळ माझ्या दृष्टीस पडलें.

तें वर्तुळ असें होतें. परिघावर कांहीं बिंदु घ्यावे, प्रत्येक बिंदु इतर सर्व बिंदूंशीं सरळ रेषेनें जोडावा, आणि तीन रेषा आंत एकाच ठिकाणीं मिळणार नाहींत एवढी काळजी घ्यावी. मग वर्तुळाचे किती तुकडे पडले तें मोजावें. एक बिंदु असतां तुकडा १. दोन असतां २. तीन असतां ४. चार असतां ८. पांच असतां १६. सहा बिंदु घेतले असतां मात्र तुकडे ३१ च पडतात. बत्तिसावा कितीही शोधला तरी सांपडत नाहीं. मुलगा चुकला नव्हता. माझा प्रश्नच अपुरा होता. पांच संख्या सांगितल्यानें सहावी ठरत नाहीं. त्या कोणत्या कारणानें उत्पन्न झाल्या हें सांगितलें, म्हणजेच ती ठरते. हा भेद दिसण्यांत लहान आहे; परंतु त्यानें गणिताच्या इतिहासांत थोरांनाही चकविलें आहे.

सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत पिएर द फर्मा नांवाचा एक विधिज्ञ होऊन गेला. तूलूझ येथील न्यायसभेंत तो अधिकारी होता, आणि फावल्या वेळांत संख्यांचें चिंतन करी. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा असे घात घेऊन प्रत्येकांत १ मिळविला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेंही त्यांस निःशेष भाग जात नाहीं. ही मालिका कितीही पुढें नेली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल, असें मत फर्मानें १६४० सालीं पत्रव्यवहारांत मांडलें. आपणांस याची उपपत्ति सांपडलेली नाहीं, हें त्यानें प्रांजलपणें कबूल केलें होतें. परंतु त्याचा विश्वास दृढ होता.

मालिकेंतील सहावी संख्या ४२९४९६७२९७ ही आहे. १७२९ सालीं गोल्डबाख या गणितज्ञानें हा प्रश्न पत्रानें ऑयलर यास कळविला. तरुण ऑयलरनें १७३२ सालीं दाखवून दिलें कीं, या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो व भागाकार ६७००४१७ येतो. पुढें त्यानें याच्या मुळाशीं असलेलें कारणही सिद्ध केलें: या सहाव्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या अनुक्रमें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे कारण हातीं असतें, तर पांच भागाकारांत निकाल लागला असता. तें हातीं नसल्यामुळें एका थोर पुरुषाचा चुकीचा विश्वास ९२ वर्षें अबाधित राहिला. त्यानंतर आजवर या मालिकेंत सहावी मूळ संख्या कोणास आढळलेली नाहीं. आणि ती नाहींच, असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

याच्या अगदीं उलट वाटेनें गेलेली एक संख्यामालिका आपल्या छंदःशास्त्रांत आहे. तेथें आधीं कारण आलें व मागून संख्या आल्या. मोरोपंतांची आर्या आपल्या कानांत आहेच. आर्येंत अक्षरें मोजीत नाहींत, मात्रा मोजतात. लघु अक्षराची मात्रा १, गुरु अक्षराच्या २. आतां चार मात्रांचा गण किती प्रकारांनीं साधेल? चारही लघु, हा एक. दोन गुरु, हा दुसरा. एक गुरु व दोन लघु घेतले, तर गुरु आरंभीं, मध्यें किंवा अंतीं येईल, हे तीन. एकूण ५. याच रीतीनें एका मात्रेचा प्रकार १, दोन मात्रांचे २, तीन मात्रांचे ३, पांच मात्रांचे ८ आणि सहा मात्रांचे १३ होतात.

प्रत्येक संख्या ही मागील दोन संख्यांची बेरीज आहे. हा नियम विरहांक कवीनें सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास वृत्तजातिसमुच्चय या आपल्या प्राकृत ग्रंथांत सांगून ठेविला. मुंबईचे प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांनीं हा ग्रंथ संपादून अभ्यासकांच्या हातीं दिला. गुजरातेंत हेमचंद्रसूरींनीं ११५० च्या सुमारास तोच नियम सांगितला. इटलींतील पिसा नगरच्या लिओनार्दोनें १२०२ सालीं सशांच्या वाढत्या जोड्यांचें कोडें घातलें, त्यांतून हीच मालिका निघाली. पुढें एकोणिसाव्या शतकांत ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें तिला लिओनार्दोचें, म्हणजे फिबोनाचीचें, नांव दिलें व तेंच रूढ झालें.

परंतु नांवाच्या वादापेक्षां नियमाचें कारण पाहणें अधिक हिताचें आहे. चरणाचें शेवटचें अक्षर लघु असेल, तर त्याच्या अलीकडे एक मात्रा कमी असलेली रचना असणार. तें गुरु असेल, तर दोन मात्रा कमी असलेली. तिसरा प्रकार संभवतच नाहीं. म्हणून सहा मात्रांचे प्रकार ८ आणि ५ मिळून १३, व सात मात्रांचे १३ आणि ८ मिळून २१. हें २१ केवळ अनुमान नव्हे. शंभर मात्रांपर्यंत गेलों तरी ही बेरीज ढळणार नाहीं, कारण अक्षर लघु किंवा गुरु यांपैकीं एकच असतें.

संख्यांतील छुपा क्रम दिसला म्हणजे मनास आनंद होतो, आणि तो होऊं द्यावा. क्रम दिसल्यावांचून शोधास आरंभच होत नाहीं. फर्माची मालिका नसती तर ऑयलरचा सिद्धांतही कदाचित् जन्मास आला नसता. मात्र त्या आनंदाच्या भरांत, क्रम दिसला म्हणजे कारणही कळलें, असें मानूं नये.

माझ्या हातीं तो कागद पुन्हां आला, तेव्हां तो मुलगा वडिलांच्या बदलीमुळें गांव सोडून गेला होता. त्याची क्षमा मागण्याची संधि मला मिळाली नाहीं. त्या दिवसापासून मात्र पुढची संख्या विचारतांना, ती कां येते, हेंही मी विचारूं लागलों. आणि उत्तर अनपेक्षित आलें, तर फुली मारण्यापूर्वीं कागद उलटून पाहूं लागलों.