पीसीव्ही ३१ ते ३८ : डेंग्यूचे साठ तास

या नोंदींतली तरुणी कुणी एक नाही आणि आकडेही नमुन्याचे आहेत. क्रम मात्र दर पावसाळ्यात वॉर्डात दिसतो तोच.

६० तास आधी. तापाचा तिसरा दिवस, सकाळी ९
ताप १०३, डोळ्यांमागे ठणका, डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट्स १ लाख ४० हजार, पीसीव्ही ३१. पीसीव्ही म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, टक्क्यांत. बायकांत तो साधारण ३६ ते ४६ असावा. ३१ ठळक छापलाय, पण घरात कुणाला नवल नाही. तिचे हिमोग्लोबिन पहिल्यापासून कमीच. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, उद्या पुन्हा रक्त.

३६ तास आधी
पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट्स ९२ हजार, पीसीव्ही ३४. पांढऱ्या पेशी घसरत जाणे आणि पाठोपाठ प्लेटलेट्स झपाट्याने उतरणे, ही पुढच्या टप्प्याची आगाऊ वर्दी असते.

२२ तास आधी. रात्री ११
ताप ९९. "उतरला गं बाई एकदाचा!" म्हणत आई देवापुढे दिवा लावते. डेंग्यूत धोका इथूनच सुरू होतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातला पातळ भाग पोटात आणि छातीत झिरपतो. तांबड्या पेशी आतच राहतात, म्हणून रक्त दाट होते आणि पीसीव्ही चढतो.

१२ तास आधी. पाचवा दिवस, सकाळी ९
रिपोर्ट मोबाईलवर येतो. भाऊ फोन लावतो, "मामा, पेशी ४६ हजारांवर आल्यात!" पपईच्या पानांचा रस निघतो, ब्लड बँकेत ओळख शोधली जाते. सगळ्यांचे डोळे प्लेटलेट्सच्या त्या एकाच ओळीवर.

तीन ओळी वर पीसीव्ही ३८ आहे, साध्या अक्षरांत. मशीनने तो ठळक केला नाही, कारण ३८ मर्यादेत बसतो. एखाद्याला वाटेल, रक्त सुधारले. पण ३१ वरून ३८ म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त वाढ, आणि २० टक्के वाढ हीच रक्तद्रव गळत असल्याची मानलेली खूण आहे. तिचे मूळचे रक्त कमी असल्याने धोका 'नॉर्मल'च्या आड लपला. आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या बायका घरोघर आहेत, म्हणून हे पुन्हा सांगतो: एकटा आकडा इथे कामाचा नाही, कालचा शेजारी हवा.

आणि प्लेटलेट्सची पिशवी? सिंगापूर-मलेशियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना त्या केवळ खबरदारी म्हणून चढवल्याने रक्तस्राव टळला नाही. गळणाऱ्या रक्तवाहिन्यांवर तर तो उपायच नाही.

६ तास आधी. दुपारी ३
पोट दुखतेय, तिसरी उलटी झाली. सकाळपासून लघवी नाही. तळहात गार, जीव कासावीस. "तापाने अशक्तपणा आलाय," असे सगळे म्हणतात. ताप तर नाहीच.

० तास. रात्री ९
नाडी बारीक आणि वेगवान. रक्तदाब १००/८०. वरचा आकडा शंभर पाहून हायसे वाटू नये. दोन आकड्यांतले अंतर २० वर आले, म्हणजे शॉक सुरू झाला. आता आयसीयू, मोजून सलाईन, तासातासाला नाडी आणि दर काही तासांनी पीसीव्ही.

ही गळती साधारण २४ ते ४८ तासच चालते. तेवढा वेळ योग्य प्रमाणात सलाईन मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. सकाळी ९ वाजता, हातपाय गरम असताना तिला दाखल करता आले असते.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर रोजचे रिपोर्ट एकत्र ठेवा. ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस सीबीसी चुकवू नका. आणि डॉक्टरांना 'पेशी किती?' एवढेच विचारून थांबू नका; 'पीसीव्ही पहिल्या दिवसापेक्षा किती वाढला?' हेही विचारा.