सार्वजनिक दिव्यांचे एकत्रित स्वयंचलित नियंत्रण

रस्ते, चौक, उद्याने, गृहसंकुलांची आवारे इ. सामाईक जागी बसविलेले अनेक दिवे माणसाच्या मदतीशिवाय एकाच वेळी लावण्याच्या व विझविण्याच्या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. तिच्या इतिहासात दोन प्रश्न सातत्याने आढळतात : अंधार पडल्याचे यंत्राने कसे ओळखावे आणि यंत्र बिघडल्यास दिवे कोणत्या स्थितीत राहावेत. पहिल्या प्रश्नाची समाधानकारक उत्तरे मिळाली आहेत. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक योजनेत नव्याने ठरवावे लागते.

वायुदीपांचा काळ : लंडनमधील पॅल मॅल ह्या रस्त्यावर १८०७ मध्ये वायुदीप लावण्यात आले. मुंबईच्या काही रस्त्यांवर ते ऑक्टोबर १८६५ मध्ये प्रथम लागले. प्रत्येक दिव्यापाशी जाऊन तो लावणे व पहाटे विझविणे हे दिवेकऱ्याचे काम असे. त्याच्या फेरीतील पहिला दिवा उजेड असतानाच लागे, तर शेवटचा काळोख पडल्यावर. तथापि काचा पुसणे, वात किंवा ज्वालक तपासणे व बंद पडलेला दिवा हेरणे ही कामेही त्याच फेरीत होत असत. पुढे दिव्याच्या खांबावर किल्लीचे घड्याळ बसवून वायूची तोटी उघडण्याची व मिटण्याची सोय झाली. दुसऱ्या एका पद्धतीत मुख्य नळातील वायूचा दाब क्षणभर वाढवीत. त्यामुळे प्रत्येक दिव्यातील पडदा हालून संपूर्ण विभागातील दिवे एकदम लागत.

दीपगृहांसाठी स्वीडिश अभियंते गस्ताव्ह डालेन (१८६९–१९३७) यांनी सूर्यझडप तयार केली. तीत एक काळा व तीन चकचकीत धातूचे दांडे असतात. दिवसा काळा दांडा अधिक प्रकाश शोषून प्रसरण पावतो व ॲसिटिलीन वायूचा मार्ग बंद करतो. अंधारात तो आकुंचन पावून मार्ग मोकळा होतो. दीपगृहे व तरंगते दीप यांच्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल डालेन यांना १९१२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विजेचे दिवे : चार्ल्स ब्रश (१८४९–१९२९) यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील चौकात १२ प्रज्योत दिवे लावले. एकसरी जोडणीमुळे अशी दीपमालिका एकाच ठिकाणाहून चालविता येई. परंतु एक दिवा बंद पडल्यास सर्वच विझण्याचा धोका असे. म्हणून बिघडलेल्या दिव्याला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारी स्वयंचलित योजना ब्रश यांनी दिव्यातच केली. दुसऱ्या प्रश्नाचे हे एक प्रारंभीचे उत्तर होय.

कालस्विच ठराविक वेळी मंडल जोडतो; पण सूर्यास्ताची वेळ ठराविक नसते. मुंबईत ती वर्षभरात सुमारे १ तास २० मिनिटांनी बदलते. लंडनमध्ये हा फरक पुष्कळच मोठा असतो. ह्यासाठी ऋतुमानानुसार वेळ आपोआप सरकविणारी तबकडी असलेले खगोलीय कालस्विच वापरात आले. प्रकाश पडला असता सिलिनियमाची विद्युत् संवाहकता वाढते, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले होते. ह्याच गुणधर्माच्या आधारे पुढे प्रकाशविद्युत् स्विच तयार झाले. त्यांत दीर्घकाळ कॅडमियम सल्फाइडाचा व नंतर सिलिकॉनाचा घट वापरला गेला. वीज चमकल्याने वा मोटारीच्या झोताने दिवे विझू नयेत म्हणून त्यांत काही सेकंदांचा विलंब ठेवतात. तसेच लागण्याची व विझण्याची प्रकाशपातळी वेगवेगळी ठेवतात. यूरोपातील देशांत व न्यूझीलंडमध्ये वीजवाहिनीतूनच अधिक कंप्रतेचा संकेत पाठवून दूरवरचे दिवे चालविण्याची पद्धतही रूढ झाली.

नियंत्रणाचे केंद्र : प्रत्येक दिव्यास स्वतंत्र घट बसविल्यास एका घटाच्या बिघाडाने एकच दिवा बाधित होतो, पण दिवे एकदम लागत नाहीत व घटांची संख्या वाढते. एकाच घटाने संपर्ककाद्वारे संपूर्ण विभाग चालविल्यास खर्च कमी येतो, मात्र त्या घटावर धूळ बसली किंवा फांदीची सावली पडली, तरी सर्व विभागावर परिणाम होतो. घट निकामी झाल्यास दिवे चालू राहतील अशीच रचना सामान्यतः करतात. भर दुपारी जळणारा दिवा हा म्हणूनच पुष्कळदा निष्काळजीपणापेक्षा ह्या निवडीचा परिणाम असतो. त्याची किंमतही मोजता येते : ४० वॉटचे १०० दिवे रोज एक तास जादा जळल्यास वर्षाला १,४६० युनिटे वीज वाया जाते. तथापि अंधारात राहिलेल्या वस्तीची किंमत अशी मोजता येत नाही.

भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसविण्यात आले. त्यातील केंद्रीय नियंत्रण व संनियंत्रण यंत्रणेद्वारे दिवे एकत्रितपणे लावता येतात, तसेच मंडलातील बिघाड व वीजवापर दूरवरून कळतो. स्वयंचलनाने दिवेकऱ्याचे हात अनावश्यक केले, त्याबरोबर त्याची देखरेखही नाहीशी झाली होती. ती आता संकेतांच्या रूपाने परत आली आहे. मात्र आलेल्या संकेताची दखल घेऊन खांबापर्यंत जाणारा माणूस नसेल, तर सर्व दिवे एकाच वेळी लावणारी यंत्रणा त्यांना एकाच वेळी अंधारातही ठेवू शकते.