पदवीची किंमत कोण ठरवतो?

बारावीचा निकाल लागला की इस्लापूरपासून किनवट-माहूरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न फिरतो : पोराला कशाला घालायचं? बी.ए. करून काय मिळणार? डी.एड. केलेले घरी बसलेत, मग इंजिनिअरिंग करावं का? शहाणी माणसं लगेच सल्ला देतात, ‘कला शाखेत काही राम नाही, सायन्स घ्या.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायचा तर आपल्याच चळवळीचा इतिहास उघडावा लागतो, असे आमचे म्हणणे आहे.

कोणते शिक्षण समाजाच्या कामाचे, हा प्रश्न आपल्याकडे स्पष्टपणे बाबासाहेबांनी मांडला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या लोकांच्या फारसे उपयोगी पडणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते महाग असल्याने सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्यातूनच १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या पोरांच्या खात्यात उशिरा का होईना जमा होणारी रक्कम ही सरकारची मेहेरबानी नाही. तिचे मूळ त्या निवेदनात आहे.

म्हणजे विषयाला महत्त्व आहे, हे बाबासाहेबांनाही मान्य होते. पण केवळ पदवीने पोट भरत नाही, हेही त्यांच्याइतके कोणी भोगले नव्हते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्राची एम.ए. घेतलेला माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तर राहायला खोली मिळेना आणि शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. मुंबईत येऊन त्यांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. या वर्ष-दीड वर्षात डोके तेच होते, पदवीही तीच होती. बडोद्यात आणि मुंबईच्या बाजारात त्या पदवीचे मोल शून्य, आणि सरकारी कॉलेजात ४५० रुपये. फरक एवढाच की एका ठिकाणी दार उघडले आणि दुसरीकडे बंद झाले. त्या कॉलेजातही काही सहकाऱ्यांना त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी प्यायलेले चालत नव्हते, हे वेगळेच.

आता मराठवाड्याकडे या. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. गावकुसाबाहेरच्या पोराने तिथे कसे पोहोचायचे? १९४८ ला संस्थान विलीन झाले आणि १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी राज्यघटना लागू झाली आणि सरकारी नोकरीतले आरक्षण घटनेने मान्य केले. इकडे कॉलेज आणि तिकडे राखीव जागा, अशी दोन्ही टोके जुळली. म्हणून पहिल्या पिढीच्या साध्या बी.ए.लाही भाव आला. शिक्षक, कारकून, तलाठी, बँक कर्मचारी, अधिकारी झालेल्यांनी मागच्या भावंडांना ओढून वर काढले. ती कमाई एका विषयाची नव्हती. पदवीच्या शेवटी जागा होती, ही त्यामागची खरी गोष्ट.

ही कमाई कोणाच्या डोळ्यात खुपली, ते १९७८ ला कळले. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात शहीद झाले. त्या जाळपोळीला केवळ विद्यापीठाच्या पाटीचे कारण मानणे भाबडेपणाचे आहे. शाळेत, कचेरीत खुर्चीवर बसलेला शिकलेला दलित गावातल्या प्रस्थापितांना सहन होत नव्हता. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले.

पण विद्यापीठ जवळ आले तेव्हा जागा लांब जाऊ लागल्या होत्या. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना राज्यात मुभा मिळाली होती. १९९१ नंतर सरकारी भरती आखडत गेली. पदव्या विकायला निघाल्या आणि नोकऱ्या कमी झाल्या. याचे सर्वांत कडू उदाहरण डी.एड.चे. ‘दोन वर्षं शिका, मास्तर व्हा’ म्हणत गावोगाव कॉलेजे निघाली. आपल्या आयाबायांनी मंगळसूत्र गहाण ठेवून, कोणी शेताचा तुकडा विकून फी भरली. २०१२ पासून शिक्षकभरती थांबली. नंतर टीईटी आली, पुढे अभियोग्यता चाचणी आली. पवित्र पोर्टलमधून नेमणुका व्हायला २०१९ उजाडले. नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये. कागद तोच होता, अभ्यासक्रमही फारसा बदलला नव्हता. दार बंद झाले म्हणून त्याची रद्दी झाली. नेट-सेट करून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही.

‘मग खासगी क्षेत्रात जा, तिथे गुणवत्ता बघतात,’ असे म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदलले ते फक्त नाव. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. बडोद्याचा शिपाई आता फाईल फेकत नाही, एवढाच बदल.

लातूर पॅटर्नचेही असेच. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी मागास भागातली पोरे मेडिकल-इंजिनिअरिंगला जाऊ शकतात हे दाखवले, हे मान्यच. पण आज तोच मार्ग खासगी क्लास, खोलीभाडे आणि मेसच्या खर्चातून जातो. इस्लापूरच्या मजुराची पोर आणि लातूरच्या डॉक्टरचा मुलगा नीटचा एकच पेपर सोडवतात, पण त्या पेपरपर्यंतचा रस्ता एक नसतो.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे दोन पदरी आहे. विषय निवडताना कॉलेजची जाहिरात पाहू नका. त्या पदवीवर गेल्या पाच वर्षांत किती जागा भरल्या, फी शिष्यवृत्तीत बसते का, आणि सरकारी नोकरी नाही मिळाली तर त्या ज्ञानावर दुसरीकडे पोट भरता येईल का, हे विचारा. विज्ञान-तंत्रज्ञान झेपत असेल तर घाबरून सोडू नका. बाबासाहेबांनी त्यासाठीच शिष्यवृत्ती मागितली होती. कला शाखेत असाल तर लाजू नका. चळवळीला वकील, पत्रकार, अभ्यासक तिथूनच मिळाले. मात्र पदवीबरोबर एखादे कौशल्य आणि इंग्रजी हातात ठेवा.

दुसरा पदर मोठा आहे. दार उघडे ठेवणे हे एकट्या विद्यार्थ्याचे काम नाही. राखीव जागांचा अनुशेष भरा, शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत द्या, खासगी क्षेत्रात आरक्षण लागू करा, या मागण्या पोराच्या करिअरपासून वेगळ्या नाहीत. ‘शिका’ एवढ्यावर आपण थांबलो, तर पदवी घरच्या भिंतीवर लटकत राहील. ‘संघटित व्हा, संघर्ष करा’ हे पुढचे शब्द त्या पदवीची किंमत ठरवतात.

जय भीम.